ताप मोजण्याआधी गोठा विचार

पोरी, आरोग्यसेविका म्हणून यावलकडे रुजू होते आहेस, तर आमच्या पशुसंवर्धन खात्यातल्या चार गोष्टी ऐकून जा. तुझ्या पुस्तकात त्या असतीलही, पण अंगवळणी पडलेल्या नसतात.

उपकेंद्राच्या हद्दीतला पशुधन पर्यवेक्षक कोण, ते पहिल्याच आठवड्यात शोध. साथ आल्यावर ओळखी काढायला वेळ नसतो. २००६ च्या फेब्रुवारीत देशातला पहिला बर्ड फ्लू आपल्या खान्देशातच, नवापूरला निघाला. मार्चमध्ये मारूळ, सावद्याला परसातल्या कोंबड्यांत सापडला. कोंबड्या नष्ट करायला आमची माणसं, घरोघर ताप विचारायला तुमची. कोंबड्यांचे नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेला, माणसांचे पुण्याच्या विषाणू संस्थेला, म्हणजे एनआयव्हीला. एकाही माणसाला लागण निघाली नाही.

कोंबड्या पटापट मरताहेत असं कानावर आलं, तर हात न लावता पर्यवेक्षकाला फोन कर. मरायला टेकलेली कोंबडी कापून खायचा मोह गरिबाला होतोच. रागावू नको, समजाव.

आता खरी गोम सांगतो. ताप येतो-जातो, रात्री दरदरून घाम, कंबर-सांधे धरलेले, मलेरिया-टायफॉइडचं औषध देऊनही उतार नाही, असा माणूस दिसला की विचार, "दादा, गाय-म्हैस गाभडली होती का? वार कोणी काढली?" हो म्हणाला, तर गुरांकडून माणसाला होणाऱ्या ब्रुसेलाची रक्ततपासणी डॉक्टरांना सुचव आणि गोठ्याची खबर पर्यवेक्षकाला दे. तोही तुला उलट खबर देईल. गाभडलेल्या गाईच्या घरी मग तू जा. वार उघड्या हाताने उचलायची नाही, कुत्र्यापुढे टाकायची नाही, चुना टाकून खोल पुरायची. मादी वासरांना चार ते आठ महिन्यांच्या वयात ब्रुसेलाची लस, आयुष्यात एकदाच. धारोष्ण दुधाचे गोडवे गाणारे म्हातारे भेटतील. त्यांच्याशी वाद नको, सुनेला दूध उकळायला सांग, काम होतं.

कुत्रं चावलं तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची, हळद-चुना नाही, मग लगेच दवाखाना, आणि सुया सगळ्या. त्याच कुत्र्याने गुरांना चावा घेतलाय का, तेही विचार.

२०२२ च्या ऑगस्टमध्ये रावेरच्या चिनावलला गुरांत लम्पी रोग आला, तेव्हा लोक दुधालाही घाबरले. लम्पी माणसाला होत नाही, हे ठासून सांग.

जनावरासाठी १९६२, माणसासाठी १०८. दोन्ही नंबर उपकेंद्राच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून घे.