आठ देशांच्या संघांचे गुरू : झिको



आपल्या पेडणे तालुक्यातील अनेक मुले शिक्षणासाठी, नोकरीसाठी परप्रांतात वा परदेशात जातात. परक्या मुलखात आपली विद्या कशी टिकवावी, हे एका फुटबॉल प्रशिक्षकाच्या जीवनातून पाहूया. हे प्रशिक्षक आपल्या गोव्यातही होते.

झिको यांचे पूर्ण नाव आर्थर आंतुनेस कोइंब्रा. जन्म ३ मार्च १९५३, रिओ द जानेरो. ब्राझीलकडून ते १९७८, १९८२ व १९८६ असे तीन विश्वचषक खेळले. चषक मात्र मिळाला नाही.

१९९१ साली ते जपानमध्ये एका कंपनीच्या दुय्यम श्रेणीतील संघात गेले. इतका मोठा खेळाडू, पण संघ लहान म्हणून त्यांनी कमीपणा मानला नाही. तोच संघ पुढे काशिमा अँटलर्स म्हणून नावारूपाला आला. २००२ ते २००६ झिको जपानच्या राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक होते. २००४ चा आशिया चषक त्यांनी जिंकून दिला. २००६ च्या विश्वचषकात मात्र जपान पहिल्याच फेरीत बाद झाला. शेवटचा सामना झिकोंच्या मायभूमीनेच ४-१ असा जिंकला.

पुढे तुर्कस्तान. तेथे २००७ साली फेनरबाचे संघ लीग विजेता ठरला. मग उझबेकिस्तान. २००९ मध्ये रशियात सीएसकेए मॉस्कोने चषक जिंकला, तरी त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्यांना पदावरून दूर केले गेले. त्याच महिन्यात ते ग्रीसमध्ये रुजू झाले. तेही पद चार महिन्यांत गेले. नंतर इराकचा राष्ट्रीय संघ व कतारमधील क्लब.

२०१४ ते २०१६ ते एफसी गोवाचे प्रशिक्षक होते. इंडियन सुपर लीगच्या साखळी सामन्यांत गोवा पहिल्या वर्षी दुसरा, दुसऱ्या वर्षी पहिला व तिसऱ्या वर्षी शेवटचा आला. २० डिसेंबर २०१५ रोजी फातोर्ड्याच्या अंतिम सामन्यात गोवा २-१ ने पुढे होता. अखेरच्या क्षणांत दोन गोल झाले आणि चेन्नईयिन विजयी ठरला.

गुरू तेच, विद्या तीच. निकाल मात्र निरनिराळे. पालकांनीही हे ध्यानी घ्यावे. एका वर्षाच्या गुणपत्रिकेवरून मुलाची योग्यता ठरत नाही. अपयशानंतर तो पुन्हा कामाला लागतो का, हे पाहावे.

स्वाध्याय
१. झिकोंनी प्रशिक्षण दिलेले आठ देश नकाशात शोधा.
२. पद गेले तरी त्यांच्याकडे काय उरले? पाच ओळी लिहा.