तासणे आणि टेक्नॉलॉजी

आमच्या विद्यार्थी मित्रांसाठी या स्मरणिकेत एका शब्दाची कुळकथा सांगावी, असे आम्ही योजिले आहे. ‘टेक्नॉलॉजी’ हा तो शब्द. तो ऐकताच मुलांस वाटते की, ही विद्या दूरची, परक्यांची. परंतु त्याचे नाते नेरडीगोंड्याच्या सुतारापर्यंत पोचते. ते कसे, हे पाहू या.

ग्रीक भाषेत ‘तेख्ने’ म्हणजे कौशल्य व ‘लोगिया’ म्हणजे विवेचन. या दोहोंपासून टेक्नॉलॉजी. ‘तेख्ने’चाच भाऊ ‘तेक्तोन्’, म्हणजे सुतार. ‘आर्किटेक्ट’ या शब्दातही हाच सुतार बसला आहे. संस्कृतात सुतारास ‘तक्षन्’ म्हणतात. ‘तक्ष्’ या धातूचा अर्थ तासणे, घडविणे. आपले ‘तासणे’ हे क्रियापद याच धातूपासून आले.

एका शब्दाने नाते सिद्ध होत नाही, नियम लागतो. ग्रीक ‘क्त’च्या जागी संस्कृतात ‘क्ष’ आढळतो. अस्वलास ग्रीकांनी ‘आर्क्तोस्’ म्हटले, संस्कृताने ‘ऋक्ष’. संस्कृत, ग्रीक व लॅटिन यांचा उगम एकच असावा, हा विचार सर विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कलकत्त्यास मांडला होता.

आता एक सावधगिरी. आपल्या रानातील सागास इंग्रजीत ‘टीक’ म्हणतात. सागवान सुताराचेच लाकूड. तेव्हा ‘टीक’ही ‘तेक्तोन्’चा भाऊ असेल, असे कोणासही वाटेल. पण तसे नाही. मलयाळम ‘तेक्कु’वरून पोर्तुगीजांनी ‘तेका’ केले आणि त्यावरून इंग्रजांचे ‘टीक’ झाले. आपल्या तेलुगू शेजाऱ्यांचा ‘टेकु’ त्याच घरचा. द्राविड भाषांचे हे कुळ स्वतंत्र आहे, असे एलिस यांनी १८१६ साली दाखवून दिले. गोंडी व कोलामीही त्यातल्याच. मराठी ‘साग’ मात्र संस्कृत ‘शाक’पासून आला. म्हणजे आवाज जुळला म्हणून सोयरीक मानू नये, आणि जुळला नाही म्हणून नाते तोडू नये.

पालकांसही एक विनंती. मुलाने टेक्नॉलॉजी शिकावी असे आपण म्हणतो, आणि वाकस धरणाऱ्या हातास मात्र हलके लेखतो. शब्दांचा इतिहास सांगतो की, ही दोन्ही एकाच घरची लेकरे आहेत. मुलांस सुताराकडे घेऊन जावे, लाकूड कसे तासतात ते दाखवावे आणि मग हा शब्द शिकवावा. तो त्यांस परका वाटणार नाही.