विचारले तर सांगावे



सोमवारी सकाळी शाळेच्या पटांगणात एखादा सोबती सहज विचारतो, "काल खेळावयास का आला नाहीस?" आदल्या दिवशी आपण आईवडिलांसह उपासनेस गेलेलो असतो. तरीही तोंडून उत्तर निघते, "घरी पाहुणे आले होते." पाहुणे आलेले नसतात. घरातील वडील माणसांची गोष्टही फारशी निराळी नाही. हळदीच्या बाजारात भावाविषयी, पावसाविषयी, मुलीच्या लग्नाविषयी जी जीभ तासभर चालते, तीच शेजाऱ्याने "तुमच्यात प्रार्थना कशी करतात हो?" असे विचारताच अडखळते. असे का व्हावे, याचा थोडा विचार या पाठात करू.

हा संकोच आजचा नाही. महायाजकाच्या वाड्यात पेत्र शेकोटीपाशी बसला होता. त्यास प्रश्न विचारला तो कोणा न्यायाधीशाने नव्हे, तर वाड्यातील एका दासीने. प्रश्नही साधाच होता: तू त्या येशूबरोबर होतास ना? पेत्राने तीन वेळा नाही म्हटले. लक्षात घ्या, त्याच रात्री थोड्या वेळापूर्वी तरवार उपसण्याइतके धैर्य त्याच्या अंगी होते. शेकोटीपाशी चाललेल्या साध्या बोलण्यात मात्र ते धैर्य संपले. मोठ्या प्रसंगी शूर असणारा मनुष्य लहान प्रश्नापुढे भितो, हा या कथेतील पहिला धडा होय.

आपल्या मुकेपणाची कारणे साधारणपणे तीन आहेत. पहिले कारण थट्टेचे भय. ज्या गावात आपली घरे थोडी, तेथे चारचौघांहून वेगळे दिसणे जड वाटते. दुसरे कारण मात्र चांगले आहे. शेजाऱ्याच्या श्रद्धेचा अवमान होऊ नये, त्यास आपल्या बोलण्याची सक्ती वाटू नये, ही काळजी सुजनाची आहे. ती टाकावयाची नाही. तिसऱ्या कारणाकडे आपले लक्ष क्वचितच जाते. ते म्हणजे भाषा. तारण, प्रायश्चित्त, पवित्रीकरण हे शब्द उपासनेत आपणांस परिचयाचे असतात. पण ते बाजारात बोलावयाचे कसे? आपल्या विश्वासास घरची बोली आपण शिकविलीच नाही, म्हणून घराबाहेर तो मुका होतो.

या बाबतीत आपल्या जिल्ह्याची भूमी आपणांस पुष्कळ शिकवू शकते. परंपरेप्रमाणे संत नामदेवांचे जन्मस्थान म्हणजे आपल्याजवळचे नरसी, आणि विसोबा खेचरांची व त्यांची भेट झाली ते औंढा नागनाथ. नामदेव शिंपी कुळातले. त्यांच्या काळच्या संतमंडळीत गोरोबा कुंभार होते, सावता माळी होते, नरहरी सोनार होते. सावतोबांनी मळ्यातील भाजीपाल्याच्या शब्दांत देवाविषयी सांगितले, तर गोरोबांनी मडकी घडविता घडविता. नामदेव तर पंजाबापर्यंत गेले, आणि त्यांची ६१ पदे शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात समाविष्ट झाली. आपली व वारकऱ्यांची श्रद्धा एक नाही, हे खरे. परंतु अंतःकरणातील गोष्ट आपल्या धंद्याच्या व घरच्या भाषेत निःसंकोचपणे कशी सांगावी, हे त्यांच्यापासून शिकण्यास काय हरकत आहे? प्रभु येशूनेही पेरणारा, खमीर, हरवलेले नाणे यांच्याच गोष्टी सांगितल्या.

आता मराठी ख्रिस्ती समाजातील एक प्रसंग पाहा. १८९३ साली नारायण वामन टिळक आगगाडीने राजनांदगावास जात होते. डब्यात एक युरोपियन गृहस्थ होते. दोघांचे बोलणे सुरू झाले ते संस्कृत काव्याविषयी. पुष्कळ बोलणे झाल्यावर त्या गृहस्थांनी ख्रिस्ताविषयी टिळकांचे मत विचारले, त्यांस नव्या कराराची एक प्रत दिली, आणि आपण दोन वर्षांच्या आत ख्रिस्ती व्हाल, असे भाकीतही केले. टिळकांस ते विलक्षण वाटले. तरी वाचण्याचे वचन त्यांनी दिले व ते पाळले. डोंगरावरील प्रवचनापाशी येताच ते पुस्तक त्यांच्याने खाली ठेववेना. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्या सहप्रवाशाचे नाव मात्र टिळकांस पुढे कधीही कळले नाही.

त्या गृहस्थांनी व्याख्यान दिले नाही. त्यांनी आधी समोरच्याच्या आवडीचा विषय काढला, त्याचे ऐकून घेतले, आणि मगच आपला प्रश्न विचारला. निर्णय टिळकांचा होता आणि त्याची किंमतही टिळकांनीच दिली. पत्नी लक्ष्मीबाई कित्येक वर्षे त्यांच्यापासून दूर राहिल्या. पुढे १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला, पण तो स्वतःच्या विचाराने. १९३४ पासून प्रसिद्ध झालेल्या 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात त्यांनी हे सर्व सांगितले आहे. त्यात स्वयंपाकघर आहे, भांडणे आहेत, हसू आहे. स्वतःचे हट्टही त्यांनी लपविलेले नाहीत. म्हणूनच जे ख्रिस्ती नाहीत असे हजारो मराठी वाचक ते पुस्तक आपल्या घरचे समजून वाचतात. खरे बोलणाऱ्या माणसास प्रवचनकाराचा आवाज काढावा लागत नाही.

यावरून आपण तीन गोष्टी ध्यानात ठेवू. विचारले तर खरे सांगावे. "काल उपासनेस गेलो होतो" या चार शब्दांत कोणाचा अवमान होत नाही. जेवढे आपण अनुभवले तेवढेच सांगावे. जे ठाऊक नाही त्यास "ठाऊक नाही" म्हणावे. आणि सांगून झाल्यावर समोरच्यासही विचारावे व मन लावून ऐकावे. आमिष, धाक किंवा वादात जिंकण्याची हौस यांचा येथे काही संबंध नाही. आपल्या राज्यघटनेच्या २५ व्या अनुच्छेदाने सुव्यवस्था, नीतिमत्ता व आरोग्य यांस बाध न आणता धर्म प्रकट करण्याचा, आचरण्याचा व त्याचा प्रसार करण्याचा हक्क सर्वांस दिला आहे. त्याचबरोबर, या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली स्पष्ट केले. पेत्रानेही पुढे आपल्या पत्रात हेच शिकविले, की आशेचे कारण विचारणाऱ्यास उत्तर देण्यास तयार असावे, पण ते सौम्यतेने व आदराने द्यावे. ज्याने शेकोटीपाशी नाही म्हटले, त्यानेच हे लिहावे, यात आपणा सर्वांस केवढे आश्वासन आहे!

पालकांसही एक विनंती आहे. "पाहुणे आले होते" हे उत्तर मुले आपल्याच तोंडून शिकतात. श्रद्धा ही लपविण्याची वस्तू आहे, असे मुलास एकदा वाटले, की हळूहळू ती टाकून देण्याची वस्तू आहे, असेही त्यास वाटू लागते. शेजाऱ्याशी एक खोटे बोललो, एवढ्यावर ते थांबत नाही.

घरी विचार करण्यासाठी प्रश्न:

१. गेल्या महिन्यात आपणांस आपल्या श्रद्धेविषयी कोणी काही विचारले काय? आपण काय उत्तर दिले?

२. 'तारण' या शब्दाचा अर्थ तो शब्द न वापरता आपल्या आजीस कळेल असा पाच वाक्यांत लिहा.

३. आपल्या वर्गातील निराळ्या धर्माच्या सोबत्यास त्याच्या श्रद्धेविषयी आपण कधी आदराने विचारले आहे काय?