चोर सोडून वॉलेटला फाशी

"ताई, चेनवर कन्फर्म झालंय ना? मग आपला विषय संपला." त्या मुलाचं हे शेवटचं वाक्य. त्यानंतर त्याने माझा फोन उचललेला नाही.

विषय संपला नव्हता, हे एक्स्चेंजच्या ईमेलमुळे कळलं. मी जमा केलेल्या यूएसडीटीचा (डॉलरशी बांधलेलं क्रिप्टो) 'अप्रत्यक्ष संबंध' चोरीच्या निधीशी आढळला आहे, सबब रक्कम रोखून ठेवली आहे, निधीचा स्रोत कळवावा. खाली कुणाचं नाव नाही, सही नाही. नुसतं 'अनुपालन विभाग'.

स्रोत काय कळवायचा? कोल्हापुरात माझा छोटा स्टुडिओ आहे, आर्किटेक्ट लोकांना इमारतींची थ्रीडी चित्रं करून देण्याचा. रेंडरिंगचं काम क्लाउडवर गेलं, म्हणून जुनी ग्राफिक्स कार्डं विकायला काढली. पुण्याकडून एक मुलगा आला. प्रत्येक कार्ड मशीनला लावून, पंख्याचा आवाज ऐकून, तापमान बघून त्याने नीट पारख केली. चहा घेतला. यूपीआयची दिवसाची मर्यादा आडवी येते म्हणाला, यूएसडीटी चालतील का? मला चालणार होते. मी वॉलेट काही आजच वापरायला लागलेले नाही. दरवर्षी रिटर्नमध्ये एकेक व्यवहार दाखवते, ३० टक्के कर भरते. सरकार तो कर घेताना पैसा स्वच्छ की मळका हे विचारत नाही, हे जाता जाता.

आता भावोजींपासून बँकेतल्या क्लार्कपर्यंत सगळे मला एकच ऐकवतात: "क्रिप्टो घेतलंच कशाला?" जणू रोख घेतली असती तर मी प्रत्येक नोटेचा इतिहास तपासला असता. पाचशेची नोट आधी कुणाच्या खिशातून मारली होती, हे तुम्ही भाजीवाल्याला कधी विचारलंय?

खरा ताप पुढे आहे. माझ्या वॉलेटमध्ये आधीपासून माझे स्वतःचे यूएसडीटी होते, बँकेतून पैसे भरून घेतलेले. कार्डांचे पैसे त्यातच आले. रुपये करून घ्यावेत म्हणून मी सगळे एकत्र एक्स्चेंजवर पाठवले. त्यांनी सगळेच रोखले. माझे जुनेसुद्धा.

सपोर्टवाल्यांची भाषा तुम्हाला माहीत असेलच. 'आपली गैरसोय आम्ही समजू शकतो.' मी बिल पाठवलं, कार्डांचे सिरीयल नंबर पाठवले, चॅट पाठवलं. उत्तर: 'कृपया निधीचा स्रोत कळवावा.' तेच परत पाठवलं. उत्तर तेच, फक्त खालचं नाव बदललेलं. माणूस आहे की यंत्र, हे शेवटपर्यंत कळू दिलं नाही.

शेवटी एका रात्री मीच ट्रॉनस्कॅन उघडून बसले. ज्यांनी बघितलं नसेल त्यांच्यासाठी सांगते: माझे यूएसडीटी ज्या ब्लॉकचेनवरून आले त्या ट्रॉनवरचा प्रत्येक व्यवहार तिथे कुणालाही दिसतो. टी या अक्षराने सुरू होणारा लांबलचक पत्ता टाकायचा, की कुठून आले, कुठे गेले, किती वाजता, सगळी यादी समोर. ज्या पत्त्यावरून मला पैसे आले होते ते वॉलेट जेमतेम आठवड्याभराचं होतं. आत आलेली रक्कम काही मिनिटांत बाहेर, पुन्हा आत, पुन्हा बाहेर. एक पाऊल मागे गेले; तिथेही तोच खेळ, फक्त रकमा मोठ्या. आणखी एक पाऊल मागे गेले, आणि त्या पत्त्याच्या डोक्यावर लाल अक्षरात इशारा: फसवणुकीच्या तक्रारी. त्याखाली कितीतरी पत्त्यांवरून आलेल्या बारीकसारीक रकमा. त्यातली एकेक रक्कम म्हणजे कुणीतरी घाम गाळून जमवलेला आणि लुबाडला गेलेला पैसा असणार. माझ्या पोटात गोळा आला, कारण तोवर मी फक्त माझ्या पैशांसाठी भांडत होते.

आणि मग त्या मुलाचा संताप आला. घासाघीस करताना त्याने मला मोबाईलवर एका नामांकित एक्स्चेंजवरचं स्वतःचं खातं उघडून दाखवलं होतं, शिल्लक दिसेल असं. पैसे मात्र पाठवले या दुसऱ्याच पत्त्यावरून. "आधी बघायला नको होतं का?" असं विचारणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. पैसे येऊन पडेपर्यंत तो पत्ता माझ्या डोळ्यांसमोर आलेलाच नव्हता.

आता मुद्द्यावर येते. चोरीचं क्रिप्टो शोधत जावं का? जावंच. माग काढता येतो, ही या व्यवस्थेतली एकमेव चांगली गोष्ट आहे. २०१६ मध्ये बिटफिनेक्स या एक्स्चेंजवरून १,१९,७५६ बिटकॉइन चोरीला गेले. चोर हुशारीने त्यातले काही नाना पत्त्यांवरून फिरवत राहिले, तरी फेब्रुवारी २०२२ मध्ये अमेरिकन सरकारने त्यातले ९४ हजारांहून जास्त जप्त केले. नोटांच्या चोरीत साडेपाच वर्षांनी असा माग लागला नसता. त्यामुळे 'माग काढूच नका, खाजगीपणा जातो' म्हणणाऱ्यांच्या रांगेत मी नाही.

पण 'घेणाऱ्याने असं क्रिप्टो नाकारावं' हे ज्यांना सुचतं, त्यांनी कधी वॉलेट उघडलंय का? नाकारण्याचं बटणच नसतं. पत्ता ठाऊक असला की कुणीही काहीही पाठवू शकतं. ऑगस्ट २०२२ मध्ये अमेरिकेने टॉर्नेडो कॅश या मिक्सरवर, म्हणजे क्रिप्टोचा माग पुसणाऱ्या सेवेवर, निर्बंध घातले, तेव्हा कुणा खोडसाळाने त्यातूनच थोडं थोडं इथर प्रसिद्ध लोकांच्या पत्त्यांवर पाठवून दिलं. टीव्हीवरचे जिमी फॅलनही त्यात होते. कुणाची परवानगी घेतली नव्हती, कुणाला थांबवताही आलं नाही. ते गेले हसण्यावारी. माझ्यासारखीवर तशी वेळ आली तर 'स्रोत कळवावा'.

दुसरं, मळका भाग नेमका कोणता? चार गवळ्यांचं दूध एका कॅनमध्ये ओतल्यावर नासकं कुणाचं हे सांगता येत नाही. इथेही तेच, म्हणून हिशोबाच्या पद्धती ठरवाव्या लागतात. एका पद्धतीत थेंबभर चोरीचं मिसळलं की सगळंच विषारी. दुसरीत जेवढं प्रमाण तेवढाच डाग. केंब्रिजचे रॉस अँडरसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिसरी सुचवली: जे आधी आत आलं ते आधी बाहेर गेलं असं धरायचं. इंग्लंडमध्ये १८१६ च्या क्लेटन खटल्यापासून बँक खात्यांना हाच नियम लावतात. यातली कुठली पद्धत लावता, असं मी एक्स्चेंजला एकदा नव्हे, प्रत्येक ईमेलमध्ये विचारलं. उत्तर नाही. पण माझे जुने पैसेही रोखले यावरून समजायचं ते समजले. विषारी.

माझी एक वकील मैत्रीण आहे. तिने एक जुना खटला सांगितला, तो ऐकून मी उगाच हुरळून गेले. १७५६ मध्ये इंग्लंडात टपालगाडी लुटली गेली, त्यात बँक ऑफ इंग्लंडची एक नोट होती. ती फिरत फिरत मिलर नावाच्या खानावळवाल्याकडे आली. त्याने पुरेपूर मोबदला देऊन, काही माहीत नसताना घेतली होती. बँकेच्या कारकुनाने नोट अडवून ठेवली. १७५८ मध्ये लॉर्ड मॅन्सफील्डने निकाल दिला तो मिलरच्या बाजूने: नोट पैशासारखी चालते, प्रामाणिकपणे घेणाऱ्याकडून ती काढून घेतली तर व्यापारच बसेल. मी म्हटलं, हीच तर माझी केस! मैत्रीण म्हणाली, तसं नाही. आपल्याकडे क्रिप्टोला चलन मानत नाहीत. ऑक्टोबर २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने त्याला मालमत्ता म्हटलं. आणि चोरीची वस्तू विकत घेतली तर साधा नियम असा की विकणाऱ्याकडे नसलेली मालकी घेणाऱ्याला मिळत नाही. म्हणजे कर भरताना मालमत्ता, चोरी झाल्यावरही मालमत्ता, पण माझी कार्डं विकत घेताना दिला तो मात्र पैसा. वा.

गुन्हेगार मात्र मी नाही, हेही तिनेच सांगितलं. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ मध्ये चोरीची मालमत्ता घेणं हा गुन्हा आहे, तो चोरीची असल्याचं माहीत असताना किंवा तसं मानायला कारण असताना घेतली तर. म्हणूनच तुमच्याजवळ कागद हवेत. ते कोणते, हे मी पोळल्यावर शिकले, तुम्ही फुकटात घ्या.

समोरच्याने दाखवलेल्या स्क्रीनवर जाऊ नका. ज्या पत्त्यावरून पैसे येणार तो व्यवहाराच्या आधी लेखी मागा. मग त्याच पत्त्यावरून पाच-दहा डॉलर पाठवायला सांगा, ते आले की ट्रॉनस्कॅनसारख्या एक्स्प्लोररवर तोच पत्ता आहे ना ते बघा, त्याचं वय आणि ये-जा बघा, आणि मगच बाकी रक्कम त्याच पत्त्यावरून घेऊन माल हातात द्या. आदल्या आठवड्यात जन्मलेलं, पैसा क्षणभरही न थांबणारं वॉलेट दिसलं की चहा पाजा आणि निरोप द्या. त्याहून बरं म्हणजे समोरच्याच्या नावाचं केवायसी झालेल्या एक्स्चेंजच्या खात्यातूनच थेट घ्या. त्याला ते नको असेल तर का नको, हे तुम्हीच ओळखा.

बाहेरून येणारं यूएसडीटी जुन्यात कधीही मिसळू नका. नवा पत्ता तयार करायला पैसे पडत नाहीत. हे कुठल्याच ॲपने मला सांगितलं नव्हतं, आणि माझं निम्मं दुखणं यातलं आहे.

पैसे मळके निघाले तर परत पाठवायची घाई करू नका. 'ताई, चुकून गेले, या दुसऱ्या पत्त्यावर परत करा' असं कुणी म्हणालं तर मुळीच नाही. पैसा पुढे सरकवणारा हात तुमचा ठरतो. आहे तिथे राहू द्या, १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा, सायबर क्राइमच्या पोर्टलवर तक्रार नोंदवा आणि पोचक्रमांक जपून ठेवा. बाकी लोभ धरू नये, अनोळखी माणसावर विश्वास ठेवू नये वगैरे तुम्हाला ठाऊकच आहे.

पी-टू-पीवर, म्हणजे थेट दुसऱ्या माणसाला, क्रिप्टो विकत असाल तर रुपयांची बाजूही तेवढीच बघा. खरेदीदाराचं नाव एक आणि पैसे पाठवणाऱ्या खात्याचं नाव दुसरं, तर ऑर्डर रद्द करा. तिथे वॉलेट नाही, तुमचं बँक खातंच गोठतं. खातं गोठलं तर बँकेला हे सांगा की केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये वादातल्या रकमेपुरतीच रोक लावायला सांगितलं होतं. शाखेत हे ऐकून लगेच कुणी उठून उभं राहत नाही, पण लेखी अर्जात घालावं.

आणि सगळ्यात कामाचं: एक्स्चेंजला एकच प्रश्न लेखी विचारा. ही रोक पोलिसांच्या नोटिशीवरून आहे की तुमच्या अंतर्गत धोरणावरून? पोलिसांची असेल तर ठाणं, क्रमांक, तारीख मागा. संशयास्पद व्यवहाराचा अहवाल सरकारकडे दिला का, हे सांगायला त्यांना मनाई असते, म्हणून ते विचारू नका. पोलिसांची नोटीस असेल तर तपास अधिकाऱ्याकडे जा आणि पुढे दंडाधिकाऱ्याकडे, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली अर्ज करता येतो. नोटीस नसेल तर कुठल्या कलमाखाली तुमची जुनी शिल्लक अडवली, हे त्यांना विचारा. मी हाच प्रश्न वकिलाच्या लेटरहेडवर विचारला, तेव्हा माझे जुने यूएसडीटी सुटले. एक शब्दही न बोलता, माफीबिफी काही नाही. कार्डांचे पैसे अजून तिथेच आहेत.

तेवढ्यावरच माझा राग आहे असं नाही. ते पैसे ज्यांच्याकडून लुबाडले त्यांच्याकडे गेले असते तर मी दोन शिव्या देऊन गप्प बसले असते. ते गेलेले नाहीत. पोलिसांना मी लाल इशाऱ्याचा पत्ता प्रिंट काढून दिला; तक्रारदार कोण, कुठल्या राज्यातले, हे शोधायचं काम ठाण्याठाण्यांत वाटलेलं. लुटला गेलेला माणूस उपाशी, कार्डं त्या मुलाकडे, आणि रक्कम एक्स्चेंजच्या ताब्यात. याला माग काढणं म्हणायचं तर म्हणा.

फेब्रुवारी २०२५ मध्ये बायबिट या एक्स्चेंजवर सुमारे दीड अब्ज डॉलरची चोरी झाली, तेव्हा एफबीआयने काही दिवसांत उत्तर कोरियाचं नाव घेतलं, चोरांचे पत्ते जाहीर केले आणि हे अडवा म्हणून एक्स्चेंजेसना सांगितलं. काहींनी अडवले, काहींनी सर्रास पुढे जाऊ दिले आणि वर फी कमावली. पण निदान यादी सगळ्यांना दिसत होती. माझ्या बाबतीत डाग ठरवणारा रिस्क स्कोअर एका विकतच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे. तो एक्स्चेंजला दिसतो, मला दिसत नाही. नाकारायची जबाबदारी माझ्यावर टाकायची असेल तर तो आकडा पैसे जमा होण्याआधी मला दाखवा. आणि उद्या लागलेला डाग काल घेतलेल्यावर लावू नका.

एक राहिलं. तक्रार नोंदवली की टेलिग्रामवर 'रिकव्हरी एक्स्पर्ट' उगवतात, अडकलेलं क्रिप्टो सोडवून देतो म्हणणारे. त्यांना उत्तरही देऊ नका. एकाशी मी मुद्दाम बोलून बघितलं. त्याने आधी प्रोसेसिंग फी मागितली, तीही यूएसडीटीत, आणि पत्ता होता आठवड्याभराचा.