पाण्याला वाट दे

॥ श्री ॥

तंजावर, भाद्रपद

चि. छकुलीस,

घटस्थापना पंधरा दिवसांवर आली, बाहुलीचा बुडखा चार दिवस झाले तरी आतून ओलाच, आणि तू हेअर ड्रायर घेऊन त्याच्यासमोर बसली आहेस, हे तुझ्या पत्रात वाचलं. आधी तो ड्रायर खाली ठेव. घाई करू नकोस असं मी म्हणत नाही. घाई कुठे करायची, ते सांगते.

माती पृष्ठभागावरूनच सुकते. आतलं पाणी बारीक छिद्रांतून वाट काढत वर येतं, मग हवेत उडून जातं. कडक गरम झोत मारलास की वरचा थर झटकन सुकून आकसतो, आतला भाग मात्र ओला आणि फुगलेला राहतो. मग वरच्या थराला तडे जातात. तुझी एअर-ड्राय क्ले पाकिटातली असली तरी तिला हाच नियम लागू आहे.

मी बारा वर्षांची असताना नवरात्रातल्या बाहुल्यांच्या मांडणीसाठी, कोलूसाठी, तलैयाट्टी बोम्मै, म्हणजे ढकलली तरी डोलून उभी राहणारी आपली तंजावरची बाहुली, घरीच करायचा हट्ट धरला होता. बुडखा भरीव केला आणि चुलीच्या कडेला ठेवला. दुसऱ्या दिवशी बोटाला टणक लागला, म्हणून लगेच वरचा भाग चढवून रंगही दिला. तिसऱ्या माळेला रंगाला फोड आले आणि बाहुली एका अंगाला कलली. चुलीकडची बाजू सुकून हलकी झाली होती, भिंतीकडची ओली म्हणून जड राहिली होती. ढकललं की उठायची, पण सरळ उभी राहायची नाही. आजी रागावली नाही. तिनं बुडखा फोडून माझ्या हातात दिला. आत माझं बोट रुतलं. ते अजून आठवतं.

उन्हाळ्यातलं वाळवण आठव. पापड आणि सांडगे एकाच उन्हात घातले तरी पापड दुपारी उचलता येतात, सांडग्यांना पुढचे दोन दिवस लागतात. जाडी निम्मी केली की सुकायचा वेळ साधारण चौथाईवर येतो. म्हणून खरी घाई घडवतानाच करायची असते. आपल्याकडची नाचणारी बाहुली बघ: डोकं, धड, घागरा सगळं वेगवेगळं, पोकळ आणि पातळ घडवतात, मग तारेवर तोलून बसवतात. प्रत्येक भागातल्या ओलाव्याला आतून-बाहेरून दोन्हीकडे वाट मिळते.

तुझा बुडखा अजून आतून मऊ आहे, हे नशीबच. आजच वरून चमच्यानं कोरून त्याची वाटी कर. कड बोटाएवढी जाड, सगळीकडे सारखी ठेव. जिथे जाडी बदलते तिथेच तडा जातो. वजन हवं म्हणून तू तो भरीव केलास, हे मला कळतं. पण ते वजन मातीचंच हवं असं नाही. वाटी पुरती सुकली की तळाच्या मधोमध कोरडे गोटे गोंदानं घट्ट बसव, मग वरचा भाग चढव.

वाटी ताटात ठेवू नकोस, खालून हवा लागत नाही. पोळ्या गार करायच्या जाळीवर ठेव आणि दर तीन-चार तासांनी फिरव. पंखा लाव, पण झोत थेट मातीवर नको, खोलीतली हवा खेळती राहिली की पुरे. भाद्रपदात तुमच्या पुण्याची हवा दमट असते, तेव्हा एसी असेल तर कोरड्या हवेच्या मोडवर लाव. त्यानं जे काम होईल ते ड्रायरनं होणार नाही. हात, कान असे पातळ भाग पहिल्या रात्री प्लॅस्टिकनं सैल झाकून ठेव, म्हणजे जाड भाग त्यांना गाठेल. ऊन द्यायचं तर सकाळचं कोवळं दे, दुपारचं नको. बारीक चीर पडली तर घाबरू नकोस. माती सुकू दे, मग तीच माती पाण्यात कालवून चिरेत भर.

सुकली की नाही हे बोटाला विचारू नकोस, गालाला विचार. पाणी उडताना गारवा येतो, म्हणून ओली माती गालाला थंड लागते. त्याहून खात्रीचा उपाय म्हणजे स्वयंपाकघरातला वजनकाटा. सकाळ-संध्याकाळ वजन करून भिंतीवर लिहून ठेव. सलग दोन-तीन वेळा आकडा तोच आला की आत पाणी उरलेलं नाही. त्याआधी रंगाचा ब्रश हातात घेऊ नकोस. रंग आणि व्हार्निश चढलं की ओलाव्याची वाट बंद होते. मग तो आत कोंडतो आणि एक दिवस रंगच उचलून बाहेर येतो.

पुढच्या खेपेला आतला गाभा चुरगाळलेल्या कागदाचा कर, दोऱ्यानं आवळ आणि त्यावर पातळ थर दे. एक थर सुकला की दुसरा. वाटतं वेळखाऊ, पण एका जाड गोळ्यापेक्षा लवकर होतं.

पंधरा दिवस पुरेसे आहेत. रंग देण्याआधी तिला एकदा चारही बाजूंनी ढकलून बघ. डोलून मधोमध थांबली तर तुझं काम नीट झालं. कलली तर ज्या बाजूला कलेल तिथे अजून पाणी आहे, किंवा गोटे त्या अंगाला सरकलेत. दोन्ही रंगाआधी दुरुस्त होतं, नंतर नाही. थांबली की मला फोन कर, रात्र झाली असली तरी.

तुझी,
आत्या