कासव, कोळंबी आणि आपला रंगीत कपडा

आंतरराष्ट्रीय करार म्हटले की आपली बहुतेक मंडळी "ते दिल्लीवाल्यांचे काम" म्हणून पान उलटतात. आम्हीही तेच करीत होतो. मग एका निर्यातदाराने आमचा लाल रंगाचा अख्खा लॉट परत केला. विणाई चोख, रंग पक्का. पण तपासणीत बंदी असलेला घटक निघाला. रंगारी म्हणाला, "सेठ, वीस वर्षं हाच रंग देतोय." तो खोटे बोलत नव्हता. नुकसान मात्र आमच्याच गल्ल्यातून गेले.

भानगड अशी की, काही अझो रंग तुटले की त्यांतून कर्करोगाला कारण होणारी अमाइन्स निघतात. अंगाला लागणाऱ्या कपड्यात असे रंग वापरण्यास जर्मनीने १९९४ साली मनाई केली. २००२ साली युरोपीय संघाने अशा २२ अमाइन्ससाठी एका किलोमागे ३० मिलिग्रॅमची हद्द घातली. आपल्या सरकारनेही १९९७ पर्यंत एकूण ११२ रंगांवर बंदी आणली. सगळेच अझो रंग बंद नाहीत, हे मात्र ध्यानात ठेवावे.

बाजारात ओरड झाली की हे आपला माल अडवण्याचे बहाणे आहेत. तसे आहे काय, हे करारातच पाहावे. १९४७ च्या गॅट करारात विसावे कलम आहे. १ जानेवारी १९९५ रोजी जागतिक व्यापार संघटना आली, तरी ते कायम राहिले. माणूस, जनावर, झाडे यांचे जीव व आरोग्य वाचवण्यासाठी, तसेच संपत जाणाऱ्या नैसर्गिक साधनांच्या जतनासाठी, देशाला व्यापारावर बंधन घालता येते. पण शर्त आहे. सारख्या परिस्थितीतील देशांत मनमानी भेदभाव करता येत नाही, आणि पर्यावरणाच्या आडून धंद्याची अडवणूक करता येत नाही.

या शर्तीचे वजन कोळंबीच्या खटल्यात कळते. कोळंबीच्या जाळ्यात समुद्री कासवे अडकून बुडतात. जाळ्यात लोखंडी गज बसवून कासवाला बाहेर पडायला वाट ठेवता येते. अशी सोय नसलेल्या देशांची कोळंबी अमेरिकेने १९८९ च्या कायद्याने अडवली. भारत, पाकिस्तान, मलेशिया व थायलंड या चौघांनी मिळून तक्रार केली. (भारत-पाकिस्तान एका बाजूला, हेही नवलच.) १२ ऑक्टोबर १९९८ रोजी अपील मंडळाने म्हटले की कासवे वाचवण्याचा हेतू रास्त आहे, पण वागणूक रास्त नाही. कॅरिबियन भागातील देशांना तयारीसाठी तीन वर्षे दिली, आशियातील देशांना चारच महिने. शिवाय बोलणी त्यांच्याशी केली, आपल्याशी नाही. अमेरिकेने रीत सुधारली. मलेशियाने पुन्हा तक्रार केली, तेव्हा २००१ साली निकाल अमेरिकेच्या बाजूने लागला. म्हणजे कायदा टिकला, पडली ती फक्त पद्धत.

आता आपला लाल कपडा या तराजूत ठेवा. जी हद्द आपल्याला, तीच जर्मनीतल्या रंगाऱ्यालाही आहे. भेदभाव दाखवता येत नाही. आणि तक्रार फक्त सरकार करू शकते, दुकानदार नाही. त्यात २०१९ च्या डिसेंबरपासून अपील मंडळ न्यायाधीशांअभावी बंद पडले आहे. उलट नव्या करारांत पर्यावरण वाढतेच आहे. २४ जुलै २०२५ रोजी सही झालेल्या भारत-ब्रिटन करारात त्याचे स्वतंत्र प्रकरणच आहे.

म्हणून आम्ही ग्रे कपडा रंगाईला देताना चलनावर रंगाच्या कंपनीचे नाव व लॉट नंबर लिहून घेतो. लाल, काळ्या शेडचा नमुना शिलाईला माल जाण्याआधीच टेक्सटाइल कमिटीच्या प्रयोगशाळेत पाठवतो. कापल्यानंतर अहवाल आला तर त्याचा उपयोग काय? एकच ड्रम वापरणाऱ्या दोघा-तिघांनी तपासणीचा खर्च वाटून घ्यावा.

रंगारी कुरकुरतो, कारण बिनलेबलचा ड्रम स्वस्त पडतो. मीटरमागे जो फरक येतो तो आम्ही त्याला देतो. खरे तर तो निर्यातदाराने द्यायला हवा. आम्ही दरवेळी मागतो, अजून कोणी दिलेला नाही.