परसातील वेलभाज्यांवरील भुरी व केवडा

परसात दोडका, काकडी, कारले अथवा भोपळा यांचे दोन-चार वेल असले म्हणजे कुटुंबास ताजी भाजी घरच्या घरी मिळते. परंतु वेल फळांवर येण्याच्या सुमारास पाने रोगट होऊन वाळू लागतात आणि हाती आलेले पीक जाते. पुष्कळदा घरात असेल ते औषध मारले जाते व त्याचा गुण येत नाही. याचे कारण असे की, भुरी व केवडा हे दोन निरनिराळे रोग असून एकाचे औषध दुसऱ्यास चालत नाही.

रोगांची ओळख

भुरी रोगात पानावर, विशेषतः वरच्या बाजूस, पीठ भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके दिसतात. बोट फिरविल्यास ही भुकटी पुसली जाते. पाऊस उघडल्यावर, कोरड्या हवेत व दाट सावलीत हा रोग वाढतो.

केवडा रोगात पानाच्या वरच्या बाजूस शिरांनी वेढलेले पिवळे, कोनाकृती डाग पडतात. सकाळी दव असताना पान उलटून पाहिल्यास डागांच्या खाली करडी-जांभळट लव आढळते. पाने फार वेळ ओली राहिल्यास हा रोग झपाट्याने पसरतो. म्हणून फवारणीपूर्वी पान उलटून पाहणे अगत्याचे आहे.

उपाय

प्रथम रोगट पाने काढून जाळावीत अथवा खोल पुरावीत. वेल मांडवावर चढवून हवा खेळती ठेवावी. पाणी सकाळी, बुंध्याशीच द्यावे.

भुरीसाठी पाण्यात मिसळणारे ८० टक्के गंधक ५ लिटर पाण्यात १० ग्रॅम या प्रमाणात फवारावे. तापमान ३२ अंश सेल्सिअसच्या वर असताना गंधक वापरू नये, पाने करपतात. निंबोळी तेल फवारले असल्यास दोन आठवडे गंधक वापरू नये. केवडा रोगावर गंधकाचा उपयोग होत नाही.

केवडा रोगासाठी अर्धा टक्का बोर्डो मिश्रण वापरावे. फ्रान्समध्ये मिलार्दे यांनी १८८५ मध्ये हे मिश्रण द्राक्षावरील केवड्यासाठी प्रसिद्ध केले. मोरचूद २५ ग्रॅम अडीच लिटर पाण्यात विरघळवावे. कळीचा चुना २५ ग्रॅम थोड्या पाण्यात विझवून, अडीच लिटर करून, फडक्याने गाळावा. दोन्ही द्रावणे थंड झाल्यावर तिसऱ्या भांड्यात एकाच वेळी ओतून ढवळावीत. भांडी मातीची वा प्लास्टिकची असावीत, धातूची नसावीत. मिश्रणात लोखंडी विळा क्षणभर बुडवून पाहावा. त्यावर तांबूस थर दिसल्यास आणखी चुन्याची निवळी घालावी. मिश्रण त्याच दिवशी वापरावे.

कोवळी पाने नाजूक असतात. म्हणून कोणतेही औषध प्रथम दोन-तीन पानांवर मारून दुसऱ्या दिवशी पाहावे व मगच सर्व वेलावर, पानांच्या दोन्ही बाजूंस, फवारावे.

दक्षता

तयार फळे फवारणीपूर्वीच तोडावीत. पुढील तोडणी किमान एक आठवड्यानंतर करावी व फळे स्वच्छ धुवावीत. गंधकाच्या वेष्टनावर अधिक मुदत दिली असल्यास ती पाळावी. मोरचुदाचे भांडे पुन्हा स्वयंपाकात आणू नये व औषध मुलांच्या हाती लागू देऊ नये.

ग्रामकार्यकर्त्यांनी गावातील एखाद्या परसात या दोन्ही रोगांची पाने शेजारी शेजारी ठेवून दाखवावीत. रोग एकदा ओळखता आला म्हणजे औषध वाया जात नाही आणि वेलही वाचतो.